एकशे शहाऐंशी फूट

हिंगणा रोडवरच्या वृंदा ले-आउटमध्ये बोअरची गाडी आली ती मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी साडेसातला. गल्लीत वळायला तिला पाऊण तास लागला. तेवढ्यात तीन घरांची फाटकं उघडली, दोन स्कूटर हलवल्या गेल्या आणि एका कण्हेरीची अर्धी बाजू गेली. ले-आउटचे सेक्रेटरी चंपतराव गाडीपुढे उलटे चालत हातवारे करत होते. ड्रायव्हर आरशात पाहत होता, त्यामुळे हातवारे कोणाच्याच कामी आले नाहीत. पण गाडी लागली तेव्हा चंपतरावांनी घाम पुसला आणि म्हणाले, "जमलं बाप्पा एकदाचं."

मागच्या कॉम्प्रेसरच्या ट्रकमधून रुपराव उतरला. वय अठ्ठेचाळीस, अंगाने काटक, उजव्या कानाने कमी ऐकू येणारा. या धंद्यात बावीस वर्षं लिव्हर धरल्यावर एक कान जातोच, आणि रुपरावला त्याचं फारसं काही वाटत नसे. बोलणं त्याला तसंही कमीच लागायचं. त्याचं सगळं ध्यान रॉडवर.

बोअरच्या कामात रॉड म्हणजे वीस फुटांची पोकळ लोखंडी नळी. टोकाला हॅमर, हॅमरच्या तोंडाशी बिट. वरून रॉडमधून हवा सोडली की हॅमर दगड फोडतो आणि तीच हवा बाहेरच्या बाजूने चुरा वर फेकते. एक रॉड संपला की त्याच्या आट्यांत दुसऱ्याचे आटे बसवायचे आणि पुढे जायचं. खोली मोजायला वेगळा टेप लागत नाही. पाच रॉड गेले, शंभर फूट झाले. ऑपरेटर सांगेल ती खोली. घरमालक सहसा तिथे उभा नसतो, कारण धूळ फार उडते.

वृंदा ले-आउटचं काम सोपं होतं. जुना बोअर तीनशे फुटांचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं होतं, तो चारशे करून द्यायचा. मोटर रविवारीच काढून ठेवली होती. ती एकशे ऐंशीच्या खाली उतरत नव्हती. मोटरवाल्याने सांगितलं होतं, गाळ बसला आहे.

रुपरावने गाठी मारलेल्या दोरीला लोखंडाचा तुकडा बांधून बोअरमध्ये सोडला. त्याचा मदतनीस धर्मेंद्र, बालाघाटकडचा चाळिशीतला माणूस, गाठी मोजत होता. दोरी थांबली.

"एक सौ छियासी," धर्मेंद्र म्हणाला.

रुपरावने दोरी हातभर उचलली आणि सोडली. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली. गाळावर वजन बसतं तेव्हा बोटांना ते मऊ लागतं. हे मऊ नव्हतं. खालून ठणका येत होता, लोखंडावर लोखंडाचा.

त्याने दोरी धर्मेंद्रच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच आजूबाजूला नीट पाहिलं. दुमजली घरं, पाण्याच्या काळ्या टाक्या, कूलर, बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरी. यातलं काही त्याच्या ओळखीचं नव्हतं. ओळखीचा फक्त आकडा होता.

"साहेब, इथं पहिले काय होतं?"

"पहिले काहीच नव्हतं गा," चंपतराव म्हणाले. "सारं तुरीचं वावर. त्यात एकच घर, कुसुमताईचं. हे पाहा, पिवळं. बोअर त्याइचाच. ले-आउट झाला तवा त्याइनं सोसायटीले देऊन टाकला. काहून?"

"असंच," रुपराव म्हणाला.

पिवळं घर तेव्हा पांढरं होतं.

दोन हजार दोन साली, ऑपरेटर झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, सव्वीस वर्षांचा रुपराव इथे आला होता. तेव्हाचा मालक वेगळा, गाडी वेगळी. सकाळी रॉड उतरवतानाच त्याने एका रॉडचे आटे झिजलेले पाहिले होते आणि तसं मालकाला सांगितलंही होतं. मालक म्हणाला, आजचा दिवस चालव. एकशे चाळीसला पाणी लागलं, चांगली दोन इंची धार. अडीचशेवर भुसभुशीत थर लागला आणि वरचा चुरा धसून हॅमर अडकला. अशा वेळी हवा चालू ठेवून, थोडं वर थोडं खाली करत, धीराने सोडवायचं असतं. रुपरावने धीर धरला नाही. जोर लावला. झिजलेला जोड निसटला आणि तीन रॉड हॅमरसकट खाली राहिले. त्यांचं वरचं तोंड एकशे शहाऐंशीवर.

मालकाने विचार करायला एक बिडी ओढली. मग म्हणाला, मोटर दीडशेवर लागते, खाली वाकून कोण पाहतं?

संध्याकाळी घरमालक देवराव ड्युटीवरून आले. ते जमिनीच्या मोजणीच्या कामावर होते. त्या दिवशी काटोलकडे कुणाच्या शेताच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण मोजून आले होते. त्यांनी विचारलं, किती गेला? मालक म्हणाला, तीनशे. देवराव मालकाकडे न पाहता रुपरावकडे वळले. "पंधरा रॉड?"

"हो," रुपराव म्हणाला. "पंधरा."

मग कुसुमताईंनी सगळ्यांना जेवायला बसवलं. रुपराव चार पोळ्या जेवला. लोणचं दुसऱ्यांदा मागून घेतलं.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगायचा प्रसंगच कधी आला नाही, आणि तो यावा अशी त्याची इच्छाही नव्हती.

तो चंपतरावांना म्हणाला, "साहेब, बाजूला नवीन बोअर मारू. दहा फुटांवर."

"बाजूला जागा कुठं आहे?"

रुपरावने बोट दाखवलं. तिथे निळ्या कव्हरखाली एक मोटार उभी होती.

"ते जागा नाही. ते माझी गाडी आहे."

"हलवली तर?"

"ते हलत नाही," चंपतराव म्हणाले. "लॉकडाउनपासून चालू नाही होऊन राहिली. पण कव्हर नवीन आहे."

नवीन बोअरचा विषय तिथेच संपला.

दुपारी गाडीचा मालक जितेंद्रचा फोन आला. जितेंद्र पस्तिशीचा, रुपरावला दादा म्हणायचा आणि बरेचदा त्याचं ऐकायचाही.

"दादा, गाळ आहे का?"

"गाळ नाही. लोखंड हाय. रॉड पडले हायेत खाली."

"तुमाले कसं मालूम?"

"आवाजानं."

"मंग सोडा ना. सांगून द्या, खाली धसलं, होत नाही. उद्या आपल्याले काटोलच्या बगीच्यात जायचं आहे. संत्र्याचे झाडं वाळून राहिले लोकाइचे."

हे बरोबर होतं. असे बोअर कितीतरी सोडले जातात, कोणी काही म्हणत नाही. रुपरावने फोन डाव्या कानाला धरून पिवळ्या घराकडे पाहिलं. व्हरांड्यात एक म्हातारी बाई, डोक्याला ओला रुमाल बांधून, शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती.

"दोन दिवस द्या मले," तो म्हणाला.

"कायले?"

"काढून पाहतो."

जितेंद्रने दिले. का मागितले ते रुपरावला कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

एमआयडीसीत धोंडबाचं लेथचं दुकान होतं. धोंडबा साठीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला. रुपरावने त्याला पडलेले रॉड काढायचा टॅप करायला सांगितला. टॅप म्हणजे निमुळता, आटे पाडलेला पोलादी खुंटा. तो पडलेल्या रॉडच्या तोंडात घुसवून फिरवायचा. धरला तर धरला. मधून त्याला भोक ठेवायचं, म्हणजे हवा खालपर्यंत जाते.

"माप बोल," धोंडबा म्हणाला.

"बाहेरून तीन इंची. आतून सव्वादोन."

धोंडबाने चष्मा कपाळावर चढवला. "असे रॉड बंद होऊन पंधरा वर्षं झाले. एवढ्या खोलचं तुले वरून दिसून राहिलं का?"

"अंदाज हाय."

"अंदाजात सव्वा नसते, रुपराव."

धोंडबाने पुढे विचारलं नाही. त्याने पोलादाचा तुकडा चकात आवळला आणि लेथ सुरू केली. संध्याकाळपर्यंत रुपराव तिथेच उभा राहून पोलादाच्या गुंडाळ्या खाली पडताना पाहत राहिला. दुकानात बसायला खुर्ची होती.

मंगळवारी सकाळी टॅप खाली गेला. ले-आउटमध्ये बातमी पसरली होती की बोअरमध्ये काहीतरी अडकलं आहे. त्यामुळे लोकांनी खुर्च्या आणून सावलीत मांडल्या होत्या. वर्क फ्रॉम होमवाले दोघे मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले. काय अडकलं असेल यावर दोन मतं होती. जुनी मोटर, किंवा दुश्मनीतून कोणीतरी टाकलेलं काही. दुश्मनी कोणाची, हे चंपतरावांसमोर कोणी बोललं नाही.

नऊ रॉड गेल्यावर रुपरावने वेग कमी केला. पडलेला रॉड बोअरमध्ये सरळ उभा नसतो, कुठल्यातरी बाजूला टेकलेला असतो. तोंड सापडायला कधी चार दिवस जातात, कधी सापडतच नाही. पण जोड निसटला त्या दिवशी दोर सोडून चाचपताना तो रॉड पिवळ्या घराच्या बाजूला टेकलेला रुपरावच्या हाताला लागला होता. बावीस वर्षांत त्याने बाजू बदलायचं काही कारण नव्हतं. रुपरावने डावा हात फिरत्या रॉडला हलका लावला आणि उजव्याने लिव्हर सोडत गेला. खडखड झाली. मग खडखड थांबली आणि रॉड जड झाला.

"पकड लिया," धर्मेंद्र म्हणाला. त्याचा आवाज फारसा बदलला नव्हता, पण त्याने तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला होता.

पहिल्याच फटक्यात. खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. लॅपटॉपवाल्यांपैकी एकाने व्हिडिओ काढला.

ओढून काढणं मात्र सोपं नव्हतं. तो सगळा दिवस आणि बुधवारचा दुपारपर्यंतचा वेळ रुपराव हवा सोडत, चार बोटं वर, दोन बोटं खाली, असं करत राहिला. या वेळी त्याने घाई केली नाही. खाली साचलेलं काळं, कुजट वासाचं पाणी वर येऊन संपलं. जितेंद्रचे तीन फोन आले, ते उजव्या कानाच्या बाजूला होते. बुधवारी चार वाजता रॉडला झटका बसला, आणि खाली जे धरून बसलं होतं त्याने सोडलं.

तीन रॉड आणि हॅमर कुसुमताईंच्या कुंपणालगत ओळीने आडवे ठेवले. गंजून त्यांच्यावर खवले आले होते. रुपराव वाकून वरच्या रॉडचं तोंड पाहत राहिला. टॅपने आतून नवे चरे पाडले होते. बाजूला काही ठिकाणी झिजलेले जुने आटे अजून कळत होते.

लोक फोटो काढत होते. चंपतरावांची सून उन्नती, पॉलिटेक्निकला शिकवायची, ती मात्र रॉडची लांबी पावलांनी मोजत होती.

"बाबा," ती म्हणाली, "हे एकशे शहाऐंशीवर उभे होते. लांबी चौसष्ट फूट. मग बोअर अडीचशेचा झाला. तीनशे कसा?"

"गणित मागून पाहू वं," चंपतराव म्हणाले. "पहिले सत्कार."

गुरुवारी सकाळी आठ वाजता, ऊन तापायच्या आत, सत्कार झाला. शाल होती, श्रीफळ होतं. श्रीफळ आदल्या गणपतीतलं नसावं याची खात्री करून घेतली होती. चंपतराव दहा मिनिटं बोलले. एवढ्या खोलीवरचं न पाहता सांगणारा माणूस म्हणजे चमत्कार आहे, असं ते म्हणाले. मग त्यांनी रुपरावला दोन शब्द बोलायला सांगितलं.

रुपराव खांद्यावर शाल घेऊन उभा राहिला. आधीच गरम होत होतं.

"हे रॉड माहेच होत," तो म्हणाला.

"पाहा!" चंपतराव लोकांकडे वळले. "याले म्हणतात कामावरचं प्रेम. रॉड कोणाचे का असेना, माणूस माहे म्हणते!"

टाळ्या झाल्या.

"तसं नाही साहेब. मीच पाडले. दोन हजार दोनमध्ये. इथंच. मी होतो गाडीवर."

काही हात टाळ्या वाजवायला उचललेलेच होते, त्यांनी दोनतीन वाजवल्या आणि मग थांबले. धर्मेंद्र डिझेलचा डबा ठेवून उभा राहिला. कूलरचा आवाज ऐकू येऊ लागला.

कुसुमताई पुढच्या खुर्चीत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण. त्यांनी रुपरावकडे असं पाहिलं, जसं जुन्या हजेरीत एखादं नाव शोधावं.

"पंधरा रॉड म्हणणारे तुम्हीच का?"

"हो काकू."

"किती होते?"

"बारा. न् तेराव्याचा अर्धा."

"तुमाले माहीत होतं?"

"मले माहीत होतं."

कुसुमताईंनी पदर सावरला. त्या मोठ्याने बोलत नव्हत्या, पण तीस वर्षं वर्गात बोललेल्या बाईचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.

"आमच्या यांनी एकतीस वर्षं लोकांची जमीन मोजली. वीतभर चुकले नाहीत. कोणाचं ऐकून आकडा लिहिला नाही. स्वतः साखळी धरायचे. आयुष्यात एकच आकडा त्यांनी न मोजता सांगितला, तो तुमचा. या गल्लीत नवं घर बांधणाऱ्या प्रत्येकाले सांगितला. सोसायटीले बोअर देला तवा कागदावर सही करून सांगितला. दवाखान्यात होते शेवटी, तिथं मले म्हणाले, पाण्याची काळजी करू नको, आपला बोअर तीनशे फूट आहे."

रुपराव उभाच होता.

"तुम्ही त्यांच्या तोंडून खोटं वदवलं," कुसुमताई म्हणाल्या. "ते काही आता दुरुस्त होत नाही." त्या उठल्या आणि घरात गेल्या. जाळीचं दार लागलं.

चंपतरावांची पंचाईत झाली. शाल परत घ्यावी की राहू द्यावी, याचा काही नियम सोसायटीत नव्हता. ते शालीकडे हात नेत आणि परत घेत. शेवटी रुपरावनेच ती घडी करून नारळासोबत खुर्चीवर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, मशीन चालू करू का?"

"करा बाप्पा," चंपतराव म्हणाले. "आता काय."

नवा हॅमर, नवी बिट, आणि रुपरावने स्वतः एकेक करून आटे तपासलेले रॉड. पहिला खाली गेला. रिकाम्या बोअरमधून अडीचशेपर्यंत उतरायचं होतं, तेवढं काम आवाजाशिवाय होतं. दुसरा रॉड लावताना जाळीचं दार पुन्हा उघडलं.

कुसुमताईंनी प्लास्टिकची खुर्ची स्वतः ओढत आणली आणि मशीनपासून सहा हातांवर मांडली. कानावरून स्कार्फ बांधला होता.

"काकू, धूळ उडन," रुपराव म्हणाला. "तिकडं बसा."

"किती झाले?"

"हा दुसरा."

"ठीक आहे. मी मोजते."

त्या मोजत बसल्या. प्रत्येक रॉड गाडीवरून सुटला, वर चढला, खालच्यात बसला, की त्या डाव्या हाताच्या बोटाची पेरं अंगठ्याने मोजत. रुपराव प्रत्येक वेळी बोटं वर करून आकडा दाखवायचा. त्या तिकडे पाहत नव्हत्या. बाराव्यानंतर मशीनने आवाज धरला, हॅमर दगडाला भिडला आणि राखाडी धुळीचा लोट उठला. खुर्च्यांवरची माणसं घरात पळाली. चंपतराव मोटारीचं कव्हर धरायला धावले. कुसुमताईंनी पदर नाकाला लावला आणि जागा सोडली नाही. भुसभुशीत थर आला तेव्हा रुपरावने वेग निम्मा केला आणि तेवढ्या आठ फुटांना तासभर लावला. त्या एका शब्दाने म्हणाल्या नाहीत की लवकर करा.

पंधरावा रॉड संपला तेव्हा त्यांनी हात वर केला. रुपरावने मशीन बंद केलं.

कुसुमताई उठून आल्या. भुवया, पापण्या, चष्मा, सगळं धुळीने एका रंगाचं झालं होतं. त्यांनी रॉडला हात लावला आणि लगेच काढला. रॉड तापलेला होता.

"हे तीनशे?"

"तीनशे चार. हॅमर धरून."

"तीनशे चार," त्या म्हणाल्या. त्या आकड्याचं काय करायचं ते त्यांना चटकन सुचलं नसावं. रुपराव लिव्हरवर हात ठेवून उभा राहिला. मग त्या म्हणाल्या, "चालू द्या. बाकीचं सोसायटीचं आहे," आणि खुर्ची ओढत घरात घेऊन गेल्या.

पाणी सतराव्या रॉडला लागलं. आधी धूळ ओली झाली, मग चिखल, मग एकदम राखाडी फवारा पहिल्या मजल्यापर्यंत गेला आणि सुकत घातलेल्या तीन चादरींवर पडला. कोणी तक्रार केली नाही. अडीच इंच पाणी होतं. चंपतरावांनी ते तीन इंच म्हणून ग्रुपवर टाकलं.

चारशेसाठी वीस रॉड पुरे केले आणि पाच वाजता ते गाडीवर चढवून झाले. धर्मेंद्र पट्टे आवळत होता. जितेंद्रचा फोन येऊन गेला होता. रात्रीत काटोलला पोचा, असं तो म्हणाला, आणि इथल्या भानगडीचं त्याने काही विचारलं नाही. त्याला कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता. रुपराव नळावर हातपाय धूत असताना कुसुमताई व्हरांड्यात ट्रे घेऊन आल्या. दोन कप होते, बिस्किटं नव्हती. एक कप त्यांनी धर्मेंद्रला दिला, दुसरा रुपरावपुढे धरला.

"घ्या."

त्याने घेतला.

"मी माफ नाही केलं तुमाले."

"नाही काकू."

"नाही म्हणजे काय?"

"म्हणजे समजलो."

त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. रुपराव पायरीवर बसून चहा पिऊ लागला. गल्लीतल्या दोनतीन घरांत कूलरमध्ये पाणी सोडल्याचा आवाज येत होता.

"साखर कमी आहे का?" कुसुमताईंनी विचारलं.

"नाही. बरोबर हाय."

"मले डॉक्टरनं बंद केली, अंदाज राहत नाही," त्या म्हणाल्या, आणि कप रिकामा होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.